हौशी रोइंग कोच कशासाठी येतात, आणि का टिकत नाहीत?

ऐरोली_वल्हं

नमस्कार मंडळी. ऐरोलीच्या बाजूला छोटा रोइंग क्लब चालवतो आहोत. चार सिंगल (एकट्याच्या बोटी), दोन डबल (दोघांच्या), एक क्वाड (चौघांची) आणि तीन एर्ग (जमिनीवर वल्हवायची यंत्रं). शिकणारे पंचवीसेक, त्यातले निम्मे शाळेतले, बाकीचे नोकरीवाले. कोच सगळे हौशी, मानधन म्हणजे पेट्रोलचे पैसे. अडचण अशी की नवा कोच जोमाने येतो, पण पावसाळ्यात बोटी आत गेल्या की ऑक्टोबरात परत फिरकत नाही. पहाटे उठून माणूस हे काम कशासाठी करतो ते नीट कळलं, तर त्याला काय द्यायचं ते ठरवता येईल. शिवाय नव्या कोचला पहिल्या महिन्यात काय शिकवावं, तेही सांगा. मानधन वाढवणं सध्या जमणार नाही, तेवढं सोडून बोला.

स्ट्रोक_सीट

येणाऱ्यांत साधारण तीन तऱ्हा असतात. पुण्यात सीओईपीच्या (अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या) बोट क्लबवर किंवा सैन्यात वल्हं धरलेले आणि नोकरीमुळे ठाण्याकडे आलेले. मुलांना सोडायला येता येता धक्क्यावरच रमलेले पालक. आणि चाळिशीत स्वतः शिकायला लागलेले, ज्यांना दुसऱ्याला शिकवताना आपलाच स्ट्रोक उमगतो. येण्याची कारणं अशी वेगवेगळी, पण टिकण्याचं कारण जवळजवळ सगळ्यांचं एकच: मी सांगितलं आणि बोट बदलली, हे डोळ्यांनी दिसणं.

रोइंगमध्ये ते लवकर दिसतं. चौघांची वल्ही एका क्षणी पाण्यात बसू लागली की बोटीच्या बुडाखालून बुडबुड्यांचा सलग आवाज येतो, तो धक्क्यावरच्या नवख्या पालकालाही वेगळा जाणवतो. हा खेळ उशिरा आलेल्यालाही परत पाठवत नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने सैन्यात गेल्यावर वल्हं हातात घेतलं, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये (एकटा, दोन्ही हातांत एकेक वल्हं) तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत क्वाडमध्ये सुवर्ण मिळालं. विशीतला मुलगा समोर उभा राहिला की कोचला हे ठाऊक असतं की याचं अजून काहीच उशिरा झालेलं नाही.

आता तुमच्याकडे कोचला हे बघायला वेळ मिळतो का, ते घड्याळ लावून मोजा. ६ ते ८ ची बॅच असेल तर हजेरी, कोण कुठल्या बोटीत, रिगरचे (वल्हं पेलणाऱ्या बाहेरच्या दांड्यांचे) नट, पालकांचे प्रश्न, बोटी बाहेर काढणं, परत धुणं. क्वाड किमान ५२ किलोची असते, ती चार माणसांशिवाय हलत नाही, आणि पाचवा हात नेहमी कोचचाच लागतो. असं करत करत दोन तासांत त्याने कुणाला सलग पंधरा मिनिटंही वल्हवताना पाहिलेलं नसतं. असा माणूस हमाली करून घरी जातो, मग ऑक्टोबरात तो का येईल?

म्हणून मोठ्या शिकणाऱ्यांतून दर बॅचला एक बोटप्रमुख नेमा. कोण कुठे बसणार ते आदल्या रात्री ग्रुपवर टाकायचं, नट आवळायचे १० आणि १३ नंबरचे पाने खिशात ठेवायचे, बोटी पाण्यात घालायच्या, हे सगळं त्याचं. कोच सहा दहाला मोकळ्या हातांनी धक्क्यावर उभा असला पाहिजे.

दुसरी गोष्ट, एका दिवशी एका माणसाची एकच दुरुस्ती. नवे कोच दर स्ट्रोकला नवं काहीतरी ओरडतात: पाठ, मनगट, खांदा, नजर. शिकणाऱ्याच्या कानात काही राहत नाही आणि कोचलाही कळत नाही की नेमकं कशाने फरक पडला. एकच गोष्ट निवडा, वीस स्ट्रोक ती, मग दहा स्ट्रोक साधे, परत वीस. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये आधीचं आणि नंतरचं दोन्ही घ्या, बोट अगदी काटकोनात समोरून जात असताना. तिरकं घेतलेलं चित्रण फसवतं.

बघायचं काय, तर सुरुवातीला तीनच दोष पुरेत. सीट मागे पळते आणि वल्ह्याची मूठ जागच्या जागी राहते, हा पहिला. पाय ढकलतात पण पाठ सैल, त्यामुळे जोर पाण्यापर्यंत पोचतच नाही. पाठ पुढे झुकलेलीच ठेवून, हात सरळ, नुसत्या पायांचे अर्धे स्ट्रोक द्या. सीट आणि मूठ एकत्र निघतात का ते बघा. दुसरा दोष क्रॅब, म्हणजे वल्हं पाण्यात अडकणं. शिकणाऱ्याला वाटतं ताकद कमी पडली. खरं कारण बहुतेक वेळा असं, की पातं बाहेर निघण्याआधीच मनगट वळलं. आडवं झालेलं पातं बोटीच्या वेगाने खाली खेचलं जातं. पंधरा मिनिटं पातं उभंच ठेवून वल्हवायला लावा, आडवं करायचंच नाही. अडकलंच तर मुठीशी झुंजायचं नाही, मागे आडवं होऊन ती डोक्यावरून जाऊ द्यायची.

तिसरा दोष माणसाचा नसतोच, म्हणून इथे कोचची परीक्षा होते. स्कलिंगमध्ये मधोमध दोन्ही मुठी एकमेकींवरून जातात, डावा हात थोडा वर आणि पुढे. मुलाची उजव्या हाताची पेरं सोलवटत असतील तर त्याला रागावू नका, आधी गेटची (वल्हं ज्यात बसतं त्या कडीची) उंची मोजा. डाव्या हातातल्या वल्ह्याचा गेट दुसऱ्यापेक्षा १ ते १.५ सेंमी वर हवा. दोन्ही सारखे असतील तर बोट तरी एका बाजूला कलते, नाहीतर बोटं तरी घासतात. दोन वॉशर इकडचे तिकडे केले की महिनाभराची तक्रार मिटते. असा एक दिवस मिळालेला कोच सहसा सोडून जात नाही.

खाडीकाठ

वरचं सगळं मान्य, पण ऐरोलीला कोच जाण्याचं आणखी एक साधं कारण असतं: माणूस साडेपाचला पोचतो आणि समोर चिखल. दोन-तीनदा असं झालं की उत्साह संपतो. महिन्याचं वेळापत्रक रविवार बघून लावू नका, तिथी बघून लावा.

कोळीवाड्यात विचारलंत तर हिशेब सांगतील. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल तेवढ्या वाजता साधारण भरती पूर्ण. दोन्ही पक्षांना हाच नियम. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा, म्हणजे सकाळी सहाला जवळजवळ पूर्ण ओहोटी. हा हिशेब समुद्राकाठचा. खाडीत पाणी आत यायला आणखी वेळ लागतो. तो फरक तुमच्या धक्क्यावर पंधरा दिवस पाहून भिंतीवर लिहून ठेवा, आणि छापील भरतीच्या कोष्टकाशी ताडून बघा.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं आणि ओढही कमी. म्हणजे नवख्यांना हवं ते सगळं एकाच वेळी मिळतं: सकाळी पाणी आणि मंद प्रवाह. तेव्हा अष्टमी ते द्वादशी, महिन्यातून दोनदा, असे दहाएक दिवस पाण्याचे धरा आणि बाकीचे आधीच एर्गचे म्हणून जाहीर करा. आयत्या वेळी रद्द होण्यापेक्षा आधीपासून ठरलेला एर्ग बरा.

षष्ठी-सप्तमीला फसगत होते. धक्क्यावर पाणी भरपूर दिसतं, पण ते उतरायला लागलेलं असतं. सहा तासांच्या उतारात मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं, आणि परत येईपर्यंत धक्क्यापुढे चिखल उघडा पडतो. कार्बन-फायबरची बोट चिखलातून ओढली की खालचा फिन तुटतो. पाणी चढत असताना आधी वाशीच्या दिशेने, प्रवाहाच्या विरुद्ध जा. दमल्यावर परतताना तोच प्रवाह मदतीला येतो. नवख्यांच्या बाबतीत हा क्रम कधीही उलटा करू नका.

परवानग्यांचं म्हणाल तर धक्क्यासाठी मेरिटाइम बोर्ड आणि खाडीसाठी वनविभाग, दोन्हीकडे जाऊन या. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली. पक्षी चिखलावर उतरलेले असतील तर कोचची मोटरबोट तिकडे वळवायचीच नाही. थवा एकदा उडाला की त्यांचं खाणं तुटतं.

कॉक्स_नेरुळ

स्ट्रोक_सीट दादांनी कोचच्या तीन तऱ्हा सांगितल्या, त्यातल्या जुन्या खेळाडूंबद्दल थोडं वेगळं मत आहे. जुना खेळाडू आपोआप चांगला कोच होत नाही. त्याला स्वतःला जे सहज येतं ते तो तोडून सांगू शकत नाही. वयाने मोठे शिकणारे, ज्यांना अजून शिकण्याचा त्रास आठवतो, ते पहिल्या सहा आठवड्यांसाठी जास्त उपयोगी पडतात. जुन्या खेळाडूंना क्वाड द्या.

पहिल्या महिन्याचं विचारलंत. पहिला आठवडा कोचने एक शब्दही शिकवायचा नाही, जुन्या कोचशेजारी उभं राहून फक्त सुरक्षा शिकायची. प्रत्येक शिकणारा ५० मीटर पोहून दाखवतो का, कपड्यांसकट दोन मिनिटं पाण्यात तरंगतो का, हे स्वतः बघायचं. पालकांच्या शब्दावर सोडायचं नाही. बोट उलटली तर बोट सोडायची नाही, हे पोहण्याच्या तलावात उलटून शिकवायचं. बोटीत बसवलेल्या बुटांच्या टाचा दोरीने बांधलेल्या असतात, ती दोरी ७ सेंमीपेक्षा जास्त सैल नको, नाहीतर उलटल्यावर पाय बुटातून सुटत नाही. पुढच्या टोकाला रबरी चेंडू आहे का, हवाबंद कप्प्यांची झाकणं लागली आहेत का. उन्हात ठेवताना झाकणं उघडी ठेवावी लागतात, आतली हवा फुगते म्हणून, आणि तीच लावायची राहून बोट पाण्यात जाते. ही चूक सगळीकडे होते, म्हणून तपासणीत हे पहिलं.

मोटरबोटीत कोचच्या अंगात स्वतःचं लाइफ जॅकेट, इंजिन बंद करणारी दोरी पायाला, आणि १५ मीटरची फेकायची दोरी हाताशी. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला की सगळे बाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसं, एकट्या मुलासोबत एकटा कोच कधीच नाही; यात कोचचंही रक्षण आहे.

दुसऱ्या आठवड्यात फक्त एर्ग, तिसऱ्यात एक डबल, चौथ्यात क्वाड. आणि महिन्यातून एकदा कोचला स्वतः बोटीत बसू द्या. धक्क्यावर सहा महिने उभा राहिलेला माणूस वल्ह्यासाठी आसुसलेला असतो, हे समित्यांच्या लक्षातच येत नाही.

ऐरोली_वल्हं

खूप आभार सगळ्यांचे. तिथीचं कोष्टक आजच लावतो. एक शंका राहिली: महिन्यात वीस दिवस एर्ग म्हटलं तर कोच कंटाळणार नाहीत का? तिथे त्यांना बदल कुठे दिसणार?

स्ट्रोक_सीट

दिसतो, पण फळा लागतो. आधी डॅम्पर (एर्गच्या पंख्यात जाणारी हवा ठरवणारा खटका) बघा. मुलं तो दहावर ठेवतात, जड म्हणजे चांगलं असं वाटून, आणि कंबर दुखवून घेतात. पडद्यावर ड्रॅग फॅक्टर (पंखा किती जड चालतो त्याचा आकडा) काढा. मुलं व स्त्रियांना ११० च्या आसपास, पुरुषांना १२० ते १३०. एकाच खुणेवर तीन मशीन तीन वेगळे आकडे दाखवतील, कारण जाळीत धूळ बसलेली असते.

मग दर पंधरवड्याला एकच चाचणी: मिनिटाला १८ स्ट्रोक, १० मिनिटं, किती मीटर गेले ते नावासमोर. स्ट्रोकची संख्या बांधलेली असल्यामुळे घाई करून आकडा वाढवता येत नाही. मीटर वाढले म्हणजे प्रत्येक स्ट्रोक लांब आणि जोरकस झाला. नावाच्या पुढे त्या पंधरवड्यात कुठली दुरुस्ती केली आणि कुठल्या कोचने, तेही लिहा.

खाडीकाठची हवा आहे, एर्गची साखळी दर सत्रानंतर कोरड्या फडक्याने पुसा आणि ५० तासांनी तेल द्या. सीटच्या रुळाला मात्र तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यात वाळू चिकटते आणि चाकं खातात. रूळ नुसता पुसायचा.