वडिलांच्या फोनला राष्ट्रगीताची रिंगटोन आहे, ती बदलायला त्यांना कसं समजवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, पण मला एकटीला सुटत नाहीये. इथं माजी सैनिकांच्या घरातले आणि वकिली करणारेही आहेत, म्हणून विचारते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कोरेगाव तालुक्यात गावी असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीत २४ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाले. वय ७१. गेल्या १५ ऑगस्टला माझ्या भावाच्या मुलानं, तो ११ वर्षांचा आहे, त्यांच्या नव्या फोनवर ‘जन गण मन’ची बँडची धून रिंगटोन म्हणून लावून दिली. आजोबांना आवडेल म्हणून लावली आणि त्यांना ती खरंच फार आवडली. चार दिवस येईल त्याला ऐकवत होते.

त्यानंतर माझे फोन ते उचलेनासे झाले. रिंग पूर्ण जायची आणि मिनिटाभरात त्यांचाच उलटा फोन यायचा. शेतात कामात असतील, असं मी दोन महिने धरून चालले. दिवाळीला गेले तेव्हा कारण दिसलं. अण्णा गोठ्यात वाकून शेण भरत होते, फोन पलीकडं भिंतीच्या कोनाड्यात. धून सुरू झाली, तसे ते पाटी खाली ठेवून सरळ उभे राहिले. टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला. एका गुडघ्याला पट्टा आहे त्यांच्या, उठायला त्रास होतो, तरी उठले. धून मध्येच थांबली, तेव्हा हात धुऊन फोन घ्यायला गेले. मी म्हटलं, “अण्णा, वाजताना का नाही उचलला?” तर म्हणाले, “आगं, राष्ट्रगीत चालू असताना हात कसा हलवायचा?”

पंधरा दिवसांपूर्वी आई मागच्या पायरीवरून घसरली. शेजारच्या काकूंनी अण्णांना दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा वाजून बंद झाला. पाय मुरगळण्यावर निभावलं, पण तेव्हापासून मला झोप नाही.

आणि त्याच्याही आधी घाटावरचा प्रसंग झाला होता. गावातल्या एकाची दशक्रिया होती. पिंड ठेवलेले, कावळा शिवत नव्हता, सगळे गप्प बसलेले. त्यात अण्णांच्या बंडीच्या आतल्या खिशात फोन वाजला. अण्णा उभे राहिले. त्यांना बघून आठ-दहाजण उठले, बाकीच्यांना कळेना उठावं का बसावं. ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं ते मान खाली घालून बसले होते. “कुणाचा फोन आहे, बंद करा की!” असं कुणीतरी ओरडलं. पण सावधानमध्ये उभा असलेला माणूस खिशात हात कसा घालणार? शेवटी शेजारच्यानं त्यांच्या बंडीत हात घालून फोन कट केला. नंतर गावातला एक शिकलेला मुलगा त्यांना म्हणाला, “आजोबा, हा राष्ट्रगीताचा अपमान आहे, तीन वर्षं आत जाल.” अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ज्या माणसानं उभं आयुष्य त्या सुरांपुढं ताठ उभं राहण्यात घालवलं, त्याला अपमान करणारा म्हटलं, हे मला अजून सहन होत नाही.

म्हणून मी कायदा वाचून काढला. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये राष्ट्रगीत गायला जाणूनबुजून अटकाव करणं किंवा ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणणं हा गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. रिंगटोनचा त्यात शब्द नाही आणि अण्णांचा तसा हेतू तर कधीच नव्हता. उभं राहण्याचा नियम गृह मंत्रालयाच्या आदेशांत आहे. त्याच आदेशांत असंही म्हटलंय की वार्तापट किंवा माहितीपटाचा भाग म्हणून राष्ट्रगीत वाजलं तर प्रेक्षकांनी उभं राहावं अशी अपेक्षा नाही, कारण त्यानं राष्ट्रगीताची शान वाढण्याऐवजी गोंधळच होईल. मला हे वाचून घाटच आठवला.

सर्वोच्च न्यायालयानं ३० नोव्हेंबर २०१६ ला सिनेमागृहांत राष्ट्रगीत सक्तीचं केलं तो आदेश सगळ्यांना आठवत असेल. राष्ट्रगीतातून कुणी आर्थिक फायदा उठवू नये, हेही त्याच आदेशात होतं. सिनेमागृहातली सक्ती ९ जानेवारी २०१८ ला ऐच्छिक झाली. बांगलादेशात तर २०१० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं ‘आमार शोनार बांगला’ या त्यांच्या राष्ट्रगीताचा रिंगटोन म्हणून व्यापारी वापर बेकायदा ठरवला आणि मोबाईल कंपन्यांना दंड केला. तेही गीत रवींद्रनाथांचंच. पण हे सगळं कंपन्यांच्या कमाईबद्दल झालं. आमच्या घरात पैशाचा प्रश्नच नाही, नातवानं फुकट लावून दिलेली धून आहे.

माझ्या मनातली खरी अडचण वेगळीच आहे. राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, २०१९ मध्ये मोबाईल वाजण्याची वेळ ३० सेकंद ठरवून दिली आहे. (लँडलाइनला ६० सेकंद, त्यात बसलं असतं.) म्हणजे अण्णा कितीही वेळ उभे राहिले तरी त्यांच्या फोनवर ते कधीच पूर्ण होणार नाही. रिंगटोन ही तोडण्यासाठीच असते, फोन उचलला तरी तुटते, नाही उचलला तरी तुटते. आणि आपल्याला लहानपणापासून शाळेत शिकवलं ते एकच, सुरू झालं की शेवटपर्यंत. १९५० च्या २४ जानेवारीला संविधान सभेनं जे राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलं, ते रोज दहा वेळा अर्ध्यात कापलं जावं, हे मला पटत नाही. राष्ट्रगीत रिंगटोन म्हणून कुणीच लावू नये, असं माझं आता ठाम मत झालंय. पण अण्णांना हे सांगायचं कसं? “अपमान” हा शब्द त्यांच्यासमोर पुन्हा कुणी काढायला नको आहे मला. आणि नातवालाही वाटायला नको की त्याची भेट आजोबांनी टाकून दिली. कुणाच्या घरी असं झालंय का?

प्रतिसाद:
ताई, माझे सासरे नौदलातून निवृत्त झालेत. त्यांच्या पिढीला कायद्याची कलमं वाचून दाखवू नका, वाद घातल्यासारखं वाटतं. जे आहे ते डोळ्यांसमोर घडू द्या. तुम्ही समोर बसूनच त्यांना फोन लावा आणि घड्याळ त्यांच्या हातात द्या. पुढचं ते स्वतःच ठरवतील.

प्रतिसाद:
पूर्ण होत नाही एवढीच हरकत असेल तर लघु आवृत्ती लावता येईल. पहिली आणि शेवटची ओळ, साधारण २० सेकंद. ३० मध्ये आरामात बसते.

प्रतिसाद:
नको. ती संपली की फोन तीच पुन्हा पहिल्यापासून वाजवणार आणि दहा सेकंदांनी मध्येच तुटणार. शिवाय गुडघ्याचं काय? फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन साधी घंटी लावा. घरच्या चार-पाच नंबरांना वेगळी, मोठ्या आवाजाची लावून द्या, म्हणजे निकडीचा फोन लगेच कळेल.

धागाकर्तीची भर, आठ दिवसांनी:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गावी गेले होते. पहिल्या प्रतिसादात सांगितलं तसंच केलं. ओसरीवर अण्णांना त्यांचं मनगटी घड्याळ हातात दिलं, म्हटलं, फक्त सेकंद बघा, आणि आईच्या फोनवरून त्यांना फोन लावला. ते उभे राहिले, मीही उभी राहिले. धून मध्येच थांबली. “परत लाव,” म्हणाले. परत तिथंच थांबली. तिसऱ्यांदाही. मग बसले आणि बराच वेळ फोनकडं बघत राहिले. “म्हंजे शेवटचं ‘जय हे’ कधी वाजलंच न्हाई व्हय?” एवढंच विचारलं.

लघु आवृत्तीचं मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, ती सैन्याच्या मेसमध्ये टोस्टच्या वेळी, म्हणजे पेला उंचावून मान देताना, वाजते, खिशात वाजवायची नाही.

धून काढायची त्यांनीच ठरवलं. मग म्हणाले, “जय जय महाराष्ट्र माझा लाव.” मला सांगावं लागलं की २०२३ च्या शिवजयंतीपासून ते राज्यगीत आहे, त्यालाही उभं राहायचं असतं. ते त्यांना लगेच पटलं. नातवाला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, “तू दिलेली धून फोनमध्येच ठेवलीय, २६ जानेवारीला दोघं मिळून सबंध ऐकू. आता मला आपल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज भरून दे.” पोरगं नाताळच्या सुट्टीत जाऊन ते करणार आहे.

त्यावरूनच आता एक छोटी मदत हवी आहे. फोनवर रेकॉर्ड केलेल्या घुंगरांच्या आवाजात वाऱ्याची घरघर फार येते आणि अण्णांना एका कानानं कमी ऐकू येतं. आवाज स्वच्छ आणि मोठा करायचा सोपा मार्ग कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.