अनाथोथचं शेत: बंदिवासानंतरचं वचन पुरं झालं की राहिलं?

धागाकर्ता
बायबलच्या जुन्या करारातल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ३२ व्या अध्यायाचा उल्लेख होतो तेव्हा 'आशा' एवढंच बोललं जातं, व्यवहाराकडे कुणी बघत नाही. यहूदाचा राजा सिद्कीया याचं दहावं वर्ष, इ.स.पू. ५८८-८७. यरुशलेमला बाबेलचा (बॅबिलोनचा) वेढा आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल यिर्मयाच्या गावचं, अनाथोथचं शेत विकायला येतो, कारण जवळचा नातेवाईक म्हणून ते सोडवून घ्यायचा हक्क यिर्मयाचा. यिर्मया १७ शेकेल चांदी (सुमारे १९५ ग्रॅम) साक्षीदारांसमोर तोलून देतो. खरेदीखताच्या दोन प्रती होतात: एक मोहरबंद, एक उघडी. उघड्या प्रतीत फेरफार झाल्याचा संशय आला तर मोहर फोडून ताडायचं. त्याचा लेखनिक बारूख याने दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायच्या, बरीच वर्षं टिकाव्यात म्हणून. देवाचं वचन असं की या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील. पुढे एज्रा २:२३ मध्ये बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांत अनाथोथचे १२८ पुरुष मोजलेत, आणि नहेम्या ११:३२ मध्ये गाव वसलेलंही दिसतं. वचन जमिनीचं होतं, ते जमिनीवर पुरं झालं.

प्रतिसाद १
अजिबात पटत नाही. नहेम्या ५ वाचा. तीच शेतं, तेच द्राक्षमळे धान्यासाठी गहाण पडलेत, राजाचा कर भरायला कर्ज काढलंय, मुलंमुली दास म्हणून द्यावी लागताहेत. आणि सावकार कोण? आपलेच भाऊबंद! ९:३६-३७ मध्ये लोक स्वतःच म्हणतात की बापजाद्यांना दिलेल्या देशात आम्ही दास आहोत, इथलं उत्पन्न राजे नेतात. याला पुनःस्थापना म्हणायचं? दाविदाच्या वंशातल्या जरुब्बाबेलाला हाग्गय २:२३ मध्ये मुद्रेची अंगठी म्हटलंय, पण तो पारसी राजाचा सुभेदारच राहिला. दाविदाच्या गादीवर कुणीही बसलं नाही.

प्रतिसाद २
बंदिवास ७० वर्षांचा होता असं म्हटलं जातं, त्या हिशेबात इथे नेहमी घोळ होतो, म्हणून लिहितो. यिर्मया २५:११ आणि २९:१० मधली ७० वर्षं बाबेलच्या सत्तेची आहेत. यरुशलेम पडलं त्या इ.स.पू. ५८६ पासून परतीच्या ५३८ पर्यंत मोजलं तर ४८ च भरतात, आणि मग ओढाताण सुरू होते. अश्शूरचा शेवट ६०९ ला, बाबेल पडलं ५३९ ला: बरोबर ७०. मंदिराचा नाश ५८६ ते नवं मंदिर ५१५ हा जवळपास तेवढाच दुसरा हिशेब. दोन्ही एकत्र करू नका.
शिवाय सगळे परतलेच नाहीत. बाबेलच्या प्रदेशातल्या 'अल-याहूदू' या वस्तीच्या मातीच्या पाट्यांत यहूदी लोकांचे खंड, कर्ज, कर नोंदलेत, यहूद्यांना परत जाऊ देणाऱ्या पारसी राजा कोरेशनंतरच्या काळातलेही.

धागाकर्ता
गहाणाचा मुद्दा मान्य, पण तो माझ्याच बाजूचा आहे. गहाण टाकायला आधी शेत मालकीचं लागतं. नहेम्याही ५:११ मध्ये शेतं आणि घरं परत करायलाच सांगतो, म्हणजे वचन मोडलं सावकारांनी. यहेज्केल ३७ मध्ये यहूदा (दक्षिणेचं राज्य) आणि एफ्राईमच्या (उत्तरेचं राज्य) दोन काठ्या एक होतात, ते तेव्हा झालं नाही, हे खरंच. पण त्या मापाने यिर्मया ३२ मोजू नये.

प्रतिसाद १
मग यिर्मया ३२ च पुढे वाचा. ३७ ते ४० मध्ये सर्व देशांतून गोळा करणं, निर्भय वस्ती आणि सार्वकालिक करार आहे. खरेदीखताचं वचन १५ व्या ओवीत, हे त्याच अध्यायात. निम्मा अध्याय पुरा झाला म्हणून उरलेला सोडून देता येत नाही. नहेम्याच्या काळी तर यरुशलेमचा कोट बांधणारे एका हाताने काम करत आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरत. ही निर्भय वस्ती नव्हे.