स्पॅनिशच्या वर्गात साहित्य फार झालंय का?

खडूवाला

थेट मुद्द्यावर येतो. माध्यमिकच्या मुलांना (साधारण बारा ते सोळा वयाच्या) स्पॅनिश शिकवताना आपण जे साहित्य वापरतो, त्यातलं निम्मं फेकून दिलं तर मुलांचं स्पॅनिश सुधारेल. ॲप, खेळ, व्हिडिओ, रंगीत कार्डं, उतरवून घेतलेल्या वर्कशीट. प्रत्येक गोष्ट एकेकटी चांगली आहे, पण एकत्र आली की गोंधळ.

काहूट या ऑनलाइन प्रश्नमंजुषेचं घ्या. पडद्यावर प्रश्न येतो, ‘माझ्याकडे आहे’ म्हणजे काय? खाली चार रंगांचे चार पर्याय, ‘तेनेर’ (जवळ असणं) या क्रियापदाची रूपं: तेंगो, तिएनेस, तिएने, तेनेमोस. अख्खा वर्ग दोन सेकंदांत बरोबर रंग दाबतो, आरडाओरडा, टाळ्या. मग पडदा बंद करून एकेकाला म्हणा, ‘तुला एक भाऊ आहे, हे सांग बघू.’ अर्धा वर्ग गप्प. उरलेल्यांपैकी कुणीतरी ‘तेंगो उन एर्मानो’ऐवजी ‘मे एस उन एर्मानो’ ठोकून देतो. मुलांना शब्द ओळखता येतो, तोंडातून काढता येत नाही, आणि खेळाने नेमकी ओळखण्याचीच परीक्षा घेतलेली असते.

माझं म्हणणं एवढंच की एक पाठ्यपुस्तक, एक वही आणि दर पंधरवड्याला एक छोटी गोष्ट पुरे. तीच गोष्ट ऐकायची, मोठ्याने वाचायची, तिचं श्रुतलेखन घ्यायचं, ‘मी’ची ‘ती’ करायची, आजची कालची करायची, शेवटी पुस्तक मिटून सांगायची. इंग्लंडमध्ये जीसीएसईचा (साधारण सोळाव्या वर्षी द्यायच्या शालेय परीक्षेचा) नवा अभ्यासक्रम २०२४ पासून शिकवायला लागले आणि त्याची पहिली परीक्षा २०२६ची. त्यात शब्दसंख्या ठरवून दिली आहे, फाउंडेशन या सोप्या स्तराला १,२०० आणि हायर या वरच्या स्तराला १,७००. शिवाय श्रुतलेखन आणि प्रकटवाचन, ज्याला आपण जुनाट म्हणून नाकं मुरडतो, ते थेट परीक्षेत आलं आहे.

असहमत असाल तर जरूर लिहा. फक्त ‘मुलांना मजा येते’ हे कारण देऊ नका.

तिसरा बाक

तेच कारण देणार आहे. :)

मजा आली नाही तर पौगंडावस्थेतला पोरगा भाषेचा तास सोडून देतो, आणि बहुतेक ठिकाणी ही भाषा ऐच्छिक असते. तुमचं श्रुतलेखन कितीही गुणकारी असो, समोर बसायला कुणी हवं ना?

दुसरं, तुम्ही आजार एकाला आणि औषध दुसऱ्याला देताय. चार पर्यायांचा प्रश्न ओळखच तपासणार, त्यात ॲपचा काय दोष? उत्तर टाइप करायला लावणारे प्रश्न ठेवा, क्विझलेट या शब्दकार्डांच्या ॲपमध्येही अर्थ बघून शब्द लिहायची सोय आहे. आठवून काढण्याने शिकलेलं पक्कं होतं, यावर मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांचे २००६चे प्रयोग प्रसिद्ध आहेत. आठवायला लावणारा खेळ असला तरी तो अभ्यासच.

आणि पाठ्यपुस्तकाची एवढी तरफदारी? त्यातली माणसं एकमेकांना भेटली की आधी वय विचारतात, मग डोळ्यांचा रंग सांगतात, मग घरात किती खोल्या आहेत ते. असं कोण बोलतं हो?

पानोपानी

दोघांच्याही मध्ये येते. प्रश्न साहित्य किती हा नाहीच, ते कुणासाठी लिहिलेलं आहे हा आहे. विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम बनवलेला मजकूर आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांनी स्वतःच्या कामासाठी लिहिलेला मजकूर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. माझा भर दुसऱ्या प्रकारावर आहे आणि तो पहिल्या वर्षापासून वापरता येतो.

माझा आवडता तास सांगते. विषय, शाळेतले गुण. तीन देशांतल्या तीन प्रगतिपुस्तकांचे नमुने समोर ठेवायचे (नावं खोडून किंवा तसाच तक्ता स्वतः बनवून). स्पेनमध्ये बारा ते सोळा वयाच्या सक्तीच्या माध्यमिक टप्प्यात, ज्याला ते एसो म्हणतात, आता आकडे नसतात, नापासपासून उत्कृष्टपर्यंत शेरे असतात: इन्सुफिसिएन्ते, सुफिसिएन्ते, बिएन, नोताब्ले, सोब्रेसालिएन्ते. त्यापुढच्या बाचिएरातोला मात्र दहापैकी गुण आणि पास व्हायला ५. मेक्सिकोतही मोजणी दहापर्यंतच, पण पास व्हायला ६ लागतात. चिलीत मोजपट्टीच १ ते ७ची आणि ४ला पास.

मग फळ्यावर एकच प्रश्न: तिघींना (स्पेनमधली बाचिएरातोतली) ६ मिळाले आहेत, कोण खूश आहे?

वर्ग पेटतो. चिलीतली मुलगी आनंदात, मेक्सिकोतली काठावर वाचलेली, स्पेनमधली खांदे उडवणारी. मुलांना हे सांगायचंच असतं, म्हणून ‘एस्ता कोन्तेन्ता पोर्के...’ (ती खूश आहे, कारण...) तोंडातून बाहेर पडतं. दोन्हींचा अर्थ ‘असणं’, पण इथे ‘सेर’ नाही, ‘एस्तार’, कारण ही आत्ताची अवस्था आहे. एरवी सेर-एस्तारवर दोन तास घालवले तरी हे डोक्यात शिरत नाही. वाचायचे शब्द किती? विषयांची नावं, आकडे, पाच शेरे. कुठल्या पाठ्यपुस्तकात हे मिळेल, सांगा.

खडूवाला

@पानोपानी, तास झकास आहे, पण तुम्ही निवडलेला मजकूर म्हणजे तक्ता आहे. तक्त्यात वाक्यं नसतात. ‘अस्सल मजकूर’ म्हणून बहुतेक ठिकाणी बातमी किंवा गाणं आणलं जातं, आणि तिथे गणित बिघडतं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन आणि हू यांनी २००० साली दाखवलं की कुणाच्या मदतीशिवाय वाचून नीट समजायला मजकुरातले ९८ टक्के शब्द आधीपासून माहीत असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत अनोळखी दोन. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलासमोर वर्तमानपत्रातला परिच्छेद ठेवला तर अनोळखी शब्दांखाली रेघा मारूनच पेन्सिल झिजते. त्याला वाचन म्हणायचं का?

@तिसरा बाक, टाइप केलेला एक शब्द म्हणजे वाक्य नव्हे. आणि सोडून जाणाऱ्यांचं म्हणाल, तर मुलं कंटाळून जातात त्यापेक्षा ‘आपल्याला काहीच बोलता येत नाही’ म्हणून जास्त जातात, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक अडचण कुणी काढली नाही. साहित्य दहा ठिकाणचं असलं की भाषाही दहा ठिकाणची होते. स्पेनच्या पुस्तकात गाडी म्हणजे कोचे, मेक्सिकोच्या व्हिडिओत कार्रो, अर्जेंटिनाच्या गाण्यात आउतो. पुस्तक ‘वोसोत्रोस’ची (स्पेनमधल्या ‘तुम्ही’ची) रूपं पाठ करायला लावतं, ड्युओलिंगो ॲपचा भर लॅटिन अमेरिकी स्पॅनिशवर, तिथे ‘तुम्ही’ला ‘उस्तेदेस’. तेरा वर्षांच्या मुलाने कुणाचं ऐकायचं?

सावकाश

सगळ्यांचं ऐकायचं, बोलायचं एकासारखं. झालं की.

जवळपास वीस देशांची राजभाषा शिकवायला घेतली आणि वर एकच गाडी हवी? स्पेनची राजअकादमी १७१३ची, पण १९५१पासून अकादम्यांचा संघ आहे आणि आज त्यात २३ अकादम्या आहेत, फिलिपिन्सची आणि इक्वेटोरियल गिनीचीसुद्धा. खुद्द भाषेचे नियम करणारेच एका देशाचे उरले नाहीत, आणि आपण वर्गात माद्रिदच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणतो.

जुन्या साहित्याच्या भक्तांना एक प्रश्न. तुमच्या वर्गाच्या भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्यात किती अक्षरं आहेत, मोजून सांगा. २९ असतील तर तो उतरवा. ‘सीएच’ आणि ‘डबल एल’ या जोड्यांना कोशात वेगळं घर देणं १९९४ला थांबलं आणि २०१०च्या शुद्धलेखन नियमांनी त्या मुळाक्षरांतूनही गेल्या. आता २७. आवाज आहेत, अक्षरं नाहीत. तरी तो तक्ता अजून छापला जातो, विकला जातो आणि मुलं त्यावरून पाठ करतात. ‘एकच पुस्तक पुरे’ म्हणणाऱ्यांनी आधी पुस्तकाचं साल बघावं.

मधली सुट्टी

इतके प्रतिसाद झाले आणि मूळ दुखणं कुणीच काढलं नाही. आपल्याला मिळणारं जवळजवळ सगळं साहित्य इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी बनवलेलं आहे, पुस्तकही आणि फुकटच्या वर्कशीटही.

परिणाम काय होतो ते बघा. ‘गुस्तार’ (आवडणं) शिकवताना ही पुस्तकं चार पानं खर्च करतात, उलटं वाक्य, कर्ता कुठे, कर्म कुठे, बाण काढलेले, लाल चौकटीत धोक्याची सूचना. कारण इंग्रजीत ‘मी’ आवडून घेतो. मराठी मुलाला हे कशाला? मला फूल आवडतं, मला फुलं आवडतात. मे गुस्ता ला फ्लोर, मे गुस्तान लास फ्लोरेस. क्रियापद फुलाप्रमाणे बदलतं हे त्याला जन्मापासून येतं. आपण त्याला आधी इंग्रजीची अडचण शिकवतो, मग तिच्यावरचा उपाय.

तीच गोष्ट उच्चारांची. स्पॅनिशमधला ‘त’ आणि ‘द’ दाताला जीभ लावून येतो, आपल्या त-द सारखा. पण इंग्रजी उच्चारखुणा वाचून मुलं ‘टेंगो’ म्हणायला लागतात. आणि जिथे खरंच अडतं तिथे ही पुस्तकं काही बोलत नाहीत. खडूवाल्यांनी दिलेलं ‘मे एस उन एर्मानो’ बघा. ती मुलाची बेफिकिरी नाही, ‘मला भाऊ आहे’चं तंतोतंत रूप आहे. ‘असणं’ आणि ‘जवळ असणं’ इंग्रजीत आधीच वेगळे आहेत, म्हणून त्यांच्या वर्कशीटमध्ये त्यावर सराव नाही. हा सराव आपणच लिहायला हवा, तो दुसरं कोणी लिहिणार नाही.

त्यामुळे मी खडूवाल्यांच्या विरोधात आणि तिसऱ्या बाकाच्याही. साहित्य कमी नको, जास्त नको, आपलं हवं.

ताशी चाळीस

आपलं हवं हे बरोबर, पण लिहायचं कधी? आठवड्याला पंचवीस तास, त्यात पाच वर्ग, वर वह्या तपासणं. रविवारी रात्री अकराला वर्कशीट शोधणारा माणूस भाषाशास्त्र बघत नाही, ‘प्रिंट’ बघतो. इथे सगळे आदर्श तास सांगताहेत. मंगळवारी शेवटच्या तासाला, अर्धी मुलं मैदानावरून घामाघूम आलेली असताना काय करायचं ते सांगा.

मी हल्ली एआयकडून गोष्टी लिहून घेतो. शिकवलेले शब्द देतो, ‘याच्या बाहेर जाऊ नकोस’ म्हणतो. दोन मिनिटांत खडूवाल्यांचा ९८ टक्क्यांचा हिशेब जमतो.

पानोपानी

जमतो का खरंच? मी तपासून पाहिलं आहे. शब्दयादी पाळायला सांगितली तरी मध्येच एखादं सब्जंक्टिव (इच्छा, शंका दाखवणारं क्रियापदाचं अवघड रूप) घुसतं. आणि गोष्टी सगळ्या गुळगुळीत, कुणाला काही हवंच नसतं त्यात. कुत्रा हरवतो, कुत्रा सापडतो, सगळे आनंदी. यापेक्षा चिलीतला ६ बरा.

ताशी चाळीस

मग ते सब्जंक्टिव मी खोडतो. खोडायला लिहिण्यापेक्षा कमी वेळ लागतो, एवढाच माझा मुद्दा. कुत्रा सापडू द्यायचा नाही हेही सांगता येतं.

सावकाश

शोधाशोध करायचीच असेल तर इन्स्तितुतो सर्वांतेस या स्पॅनिशचा प्रसार करणाऱ्या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर डेले एस्कोलारचे नमुना पेपर आहेत. ११ ते १७ वयाच्या मुलांसाठीची परीक्षा, एक पेपर ए१ या सुरुवातीच्या पातळीचा आणि एक त्यापुढच्या ए२-बी१ एकत्र. ऐकण्याच्या भागाची ध्वनिमुद्रणंही मिळतात. परीक्षेला बसवा असं म्हणत नाही, पण त्यातल्या सूचना, चिठ्ठ्या, शाळेच्या फळ्यावरचे निरोप हे मुलांच्या वयाला धरून आहेत आणि पातळी कुणीतरी डोकं लावून ठरवलेली आहे. ‘पातळी ए१’ असं वर लिहून आत काहीही कोंबलेल्या वर्कशीटपेक्षा बरं. सीईएफआरचं (भाषापातळ्यांच्या या युरोपीय मोजपट्टीचं) लेबल कुणीही चिकटवू शकतो, ते तपासणारं कुणी नसतं.

खडूवाला

सर्वांतेसच्या पेपरांशी सहमत. मधली सुट्टी यांच्या मुद्द्यावर बराच विचार केला. असा सराव लिहायचा तर एखाद्या पक्क्या पुस्तकाच्या आधारानेच लिहिता येईल, दहा ठिकाणच्या तुकड्यांवर नाही. म्हणजे गाडी पुन्हा माझ्याच स्टेशनात. ‘तेनेर’साठी मी वाक्यांचा तक्ता करतो: पहिल्या रकान्यात तेंगो, तिएनेस, तिएने, दुसऱ्यात उन, उना, दोस, तिसऱ्यात भाऊ, बहीण, कुत्रा, परीक्षा, ताप. मुलं आडवं वाचत वाक्यं जोडतात, मग तक्त्यातला एकेक रकाना झाकायचा. शेवटी नुसता फळा. याला बॅटरी लागत नाही.

तिसरा बाक

चांगला तक्ता आहे, मी उचलतो. फक्त ‘उना फिएब्रे’ होऊ देऊ नका, तापाला तिथे उना लागत नाही. तक्त्यातून आडवं वाचणारं मूल हे वाक्य हमखास जोडणार आणि ते वाक्य तुमच्या साध्यासुध्या साहित्याने शिकवलेलं असेल.

आणि एका मुलाचा विचार करा, जो वर्षभर हात वर करत नाही. रकाने झाकून तुम्ही त्याच्याकडे बोट केलं की तो खाली बघतो. तोच मुलगा खेळात टोपणनावाने उत्तर देतो, कारण चुकलं तर कुणाला कळत नाही. तुमच्या एक पुस्तक, एक वहीत त्याच्यासाठी काय आहे?

खडूवाला

ताप चौथ्या रकान्यात टाकतो, उनाशिवाय.

त्या मुलासाठी जोडीदार आहे. आधी दोघांनी एकमेकांना सांगायचं, मग चौघांत, वर्गासमोर कधीच नाही म्हटलं तरी चालेल. आणि काहूटमध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, हे विसरू नका. संथ विचार करणाऱ्या मुलाचं टोपणनाव दर प्रश्नाला खाली खाली सरकतं. ते त्याला कळतं, इतरांना कळो न कळो.

तिसरा बाक

वेळेचे गुण बंद ठेवता येतात. मी ते बंदच ठेवतो.

मधली सुट्टी

तुमचं चालू द्या. मी ‘असणं’ आणि ‘जवळ असणं’ यावरची वीस वाक्यं लिहायला घेतली आहेत, मराठीतून स्पॅनिशमध्ये न्यायची. मला ताप आहे, मला भूक लागली आहे, मला घाई आहे, माझ्याकडे वेळ नाही. चौघांनाही स्पॅनिशमध्ये तेनेर. कुणाला आणखी सुचत असतील तर खाली टाका, फक्त ज्यात मुलं खरोखर चुकतात तीच टाका.

ताशी चाळीस

‘मी तेरा वर्षांचा आहे.’ दरवर्षी निम्मा वर्ग ‘तेंगो त्रेसे आन्योस’ऐवजी ‘सोय त्रेसे’ लिहितो.