‘वामनकेळी’ हे नाव झाडाचे की फळाचे?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही इथल्याच एका रोपवाटिकेतून केळीचे रोप आणून घरामागच्या वाफ्यात लावले. पिशवीला अडकवलेल्या चिठ्ठीवर ‘ड्वार्फ केळी’ एवढेच लिहिले होते. बुटकी केळी म्हणजे वेलची केळ्यासारखी लहान फळे, अशी माझी समजूत होती. यंदा एप्रिलमध्ये केळ निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, आता घड भरत आला आहे, आणि एकेक फळ चांगले वीतभर लांब आहे. शिवाय पाने वाढत वाढत पहिल्या मजल्याच्या सज्जाला टेकली आहेत. सासूबाईंचे माहेर यावल तालुक्यातले. त्यांच्याकडे अशा जातीला ‘वामनकेळी’ म्हणत, आणि ती उभ्या माणसाच्या डोक्यावर फारशी जात नसे, असे त्या सांगतात. मग या नावाचा नेमका अर्थ काय घ्यायचा, आणि आम्हाला भलतेच रोप मिळाले आहे का? बुंध्याशी तीन मुनवे (कंदातून फुटलेली पिल्ले) आले आहेत, त्यांतला एक बहिणीला द्यायचा आहे. म्हणून देण्याआधी जात नक्की कळावी, अशी इच्छा आहे.

उत्तर १ (निफाड)

ताई, माझे बालपण रावेरकडच्या केळीच्या बागांत गेले, म्हणून लिहितो. आपल्या सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. वामनकेळी हे बसराई या जातीचेच दुसरे नाव असून त्यातले वामनपण सर्वस्वी झाडाचे आहे, फळाचे नाही. बसराईचा खुंट साधारण पाच ते सहा फुटांचा, जाडजूड असतो. पानांचे देठ आखूड आणि पाती रुंद असल्यामुळे सगळा पसारा शेंड्याशी दाटीने बसलेला दिसतो. घड मात्र भरदार आणि फळे लांब. उलट, आपण ज्या वेलचीचे उदाहरण दिले तिचे झाड चांगले उंच वाढते आणि फळ बोटभर असते. झाडाची उंची आणि फळाची लांबी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे या दोन जाती शेजारी शेजारी पाहिल्या की लगेच पटते.

आणखी एक गोष्ट. केळीची उंची पानाच्या टोकापर्यंत मोजत नाहीत. जमिनीपासून घडाचा दांडा जिथून बाहेर पडतो त्या गळ्यापर्यंत मोजतात. कृपया तशी मोजून कळवावी. घडाच्या खाली केळफुलापर्यंत जो दांडा लोंबतो, त्याच्यावर सुकलेली फुले आणि सोपे (केळफुलाची लालसर आवरणे) चिकटून राहिली आहेत की तो उघडा पडला आहे, तेही पाहावे. बसराईत ती गळून न पडता दांड्यावर तशीच वाळतात.

उत्तर २ (गंगापूर रोड, नाशिक)

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे नावांविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. संस्कृतात ‘वामन’ म्हणजे ठेंगणा; अवताराचे नावही त्यावरूनच आले, आणि आपण आजही लहान चणीच्या माणसाला वामनमूर्ती म्हणतो. विशेष असे की, दूरदेशीच्या लोकांनीही या केळीकडे पाहून हीच गोष्ट टिपली. 1790 मध्ये लोरेइरो या पोर्तुगीज अभ्यासकाने कोचीनचीनच्या, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या, वनस्पतींचे वर्णन करताना एका केळीला ‘मुसा नाना’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘नाना’ म्हणजे बुटकी. इंग्लंडमध्ये मात्र रूपाचा विचार न होता मालकाचे नाव चिकटले: मॉरिशसमार्गे आलेली ही केळ डेव्हनशायरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांच्या काचघरात त्यांचे माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी वाढवली, 1835 च्या सुमारास तिला फळे आली, आणि तेव्हापासून ती कॅव्हेंडिश झाली. त्यातलीच ठेंगणी ती ‘ड्वार्फ कॅव्हेंडिश’, म्हणजे आपली बसराई.

आता बाजारात सर्वत्र दिसणाऱ्या जी-९ या केळीच्या जातीचे मूळ नाव ‘ग्रँड नैन’ आहे. हा ‘नैन’ डोळ्यांचा नव्हे. तो फ्रेंच शब्द असून त्याचाही अर्थ बुटकी असाच आहे, म्हणजे पूर्ण नाव झाले ‘थोराड बुटकी’. कॅव्हेंडिश कुळातल्या उंच जातींपुढे ती ठेंगणी आणि बसराईपुढे थोराड, म्हणून हे जोडनाव. बुटकेपणा हा नेहमी कुणाच्या तरी तुलनेत असतो, आणि नुसते ‘ड्वार्फ’ लिहिलेल्या चिठ्ठीत नेमका तोच तपशील सुटतो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी शिडी लावून टेपने मोजले. गळ्यापर्यंतची उंची 6 फूट 10 इंच भरली. सज्जाला टेकतात ती नुसती पाने आहेत. घडाखालचा दांडा बराचसा उघडा आहे, फक्त केळफुलाच्या जवळ थोडी वाळलेली फुले उरली आहेत. सासूबाईंनी दांडा पाहताक्षणी सांगितले की त्यांच्या माहेरची केळ ही नव्हे, तिचा दांडा झिपऱ्या असल्यासारखा दिसे.

उत्तर १ (निफाड)

मग ती बहुधा ग्रँड नैन आहे. तिची उंची साधारण साडेसहा ते आठ फूट भरते, आणि आपले माप त्यात बसते. चिठ्ठी खोटी नव्हती, अपुरी होती. बहिणीला देताना अरुंद, तलवारीसारख्या पानांचा मुनवा कंदासकट काढून द्यावा. रुंद पानांचे मुनवे दिसायला टवटवीत असले तरी त्यांचा कंद कमजोर असतो. मुनवा कोणत्या महिन्यात लावायचा याचाही विचार करावा. आमच्याकडे निफाडला थंडी कडक पडते, आणि ऐन डिसेंबर-जानेवारीत केळ निसवली तर घड गळ्यातच अडकतो. ठेंगण्या जातींत, विशेषतः बसराईत, हा त्रास अधिक, कारण तिची पाने शेंड्याशी आधीच दाटलेली असतात. सासूबाईंना त्यांची वामनकेळी पुन्हा लावायची असेल, तर यावलकडच्या एखाद्या जुन्या बागेतूनच मुनवा आणावा, आणि आणण्यापूर्वी त्या झाडाच्या घडाचा दांडा त्यांनी स्वतः पाहावा.