कार बूट सेलमध्ये जुन्या वस्तूंची किंमत कशी ठरवता? – अनुभव धागा

ईस्टर उलटला की ब्रिटनमध्ये गावोगावी रविवारी सकाळी शेतांत, शाळांच्या पटांगणांत आणि घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांत कार बूट सेल भरू लागतात आणि साधारण सप्टेंबर संपेपर्यंत चालतात. पश्चिम लंडनमधील चिझिकच्या शाळेसारख्या काही ठिकाणी ते हिवाळ्यातही महिन्याच्या पहिल्या रविवारी भरतात. जागेचे भाडे भरायचे, गाडी लावायची, डिकी उघडायची, घडीचे टेबल मांडायचे आणि घरात साठलेले सामान विकायचे, एवढाच हा व्यवहार. तरीही इथे राहणाऱ्या आपल्या मंडळींची अडचण माल जमवण्यात होत नाही, समोरच्याने वस्तू हातात घेऊन "हाऊ मच?" असे विचारले की काय उत्तर द्यावे, इथे गाडी अडते. म्हणून हा धागा. लिहिताना कृपया नुसते "किंमत कमी ठेवा" असे न सांगता वस्तू कोणती, किती सांगितले, किती मिळाले आणि त्यामागे काय विचार होता, हे सविस्तर लिहावे आणि वर आपल्या गावाचे नाव द्यावे. सुरुवात मी करते.

मिल्टन कीन्स

आदल्या रात्री मी वहीत प्रत्येक मोठ्या वस्तूपुढे तीन गोष्टी लिहिते: सांगायची किंमत, सोडायची किंमत आणि ती विकली गेली नाही तर तिचे काय करायचे. यातली तिसरी गोष्टच पहिल्या दोन ठरवते. जी वस्तू परत घरात आणायचीच नाही, म्हणजे व्यायामाची सायकल किंवा पुस्तकांचे कपाट, तिची सोडायची किंमत अगदी खाली ठेवावी, कारण ती टाकायला पुन्हा गाडी काढून कचरा केंद्रावर जावे लागते. जी वस्तू पाकिटात घालून पोस्टाने पाठवता येते, तिच्या बाबतीत घाई करण्याचे काही कारण नाही. ती पुढच्या आठवड्यात ई-बेवर जाऊ शकते. आपण ती वस्तू केवढ्याला घेतली होती, या आकड्याला माझ्या वहीत रकाना नाही. जॉन लुईससारख्या मोठ्या दुकानातून साठ पौंडांना घेतलेला दिवा समोरच्याला साठ पौंडांचा दिसत नाही. तो त्याची तुलना आयकियातल्या नव्या दिव्याशी आणि शेजारच्या टेबलावरच्या दिव्याशी करतो. चांगल्या स्थितीतल्या रोजच्या वापरातील वस्तूला नव्या किमतीच्या एकदशांशापासून एकपंचमांशापर्यंत मिळते, असा माझा अंदाज आहे. त्याहून जास्त मिळते ते फक्त अशा वस्तूंना, ज्या शोधत लोक मुद्दाम येतात.

याचे उदाहरण म्हणजे भारतातून आणलेला पाच लिटरचा हॉकिन्सचा कुकर. इंग्रज गिऱ्हाईक त्याला हात लावत नव्हते, पण एक बांगलादेशी बाई लांबूनच तो पाहून आल्या. त्यांनी झाकण तिरके करून बाहेर काढले, गॅस्केट दोन बोटांत दाबून पाहिली, शिट्टी उचलून तिच्या खालच्या नळीतून उजेड दिसतो का ते तपासले आणि मगच किंमत विचारली. मी दहा पौंड सांगितले. त्यांनी सहा म्हटले. मी एक न वापरलेली गॅस्केट पिशवीतून काढून झाकणावर ठेवली आणि आठ म्हटले, त्यावर व्यवहार झाला. वस्तू ओळखणारे गिऱ्हाईक समोर असेल तर किंमत उतरवण्याआधी त्याला हवे असलेले काही जोडता येते का, ते पाहावे.

लेस्टर

मला सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासाबद्दल लिहायचे आहे, कारण दिवसातले सर्वांत मोठे नुकसान तिथे होऊ शकते. गाडी जागेवर लागते न लागते तोच हातात टॉर्च घेतलेले व्यापारी डिकीभोवती जमतात. चांदी आहे का, घड्याळे आहेत का, जुने कॅमेरे, ग्रामोफोनच्या तबकड्या, लेगो, असे एकाच वेळी चौघे विचारतात आणि तुमचे खोके तुमच्याआधी उघडू लागतात. ही माणसे वाईट नसतात, ती त्यांच्या धंद्याला आलेली असतात. पण त्या वस्तूची पुढची किंमत त्यांना ठाऊक असते आणि बहुतेकदा आपल्याला नसते. म्हणून मी पहिला अर्धा तास एकाही वस्तूची किंमत खाली आणत नाही आणि न उघडलेल्या खोक्याचा ठोक भाव तर कधीच सांगत नाही. भवानी व्हावी म्हणून पहिले गिऱ्हाईक सोडू नये, ही आपल्याकडची सवय या वेळेपुरती बाजूला ठेवावी. ज्याला ती वस्तू खरोखर हवी असते, तो एक फेरी मारून परत येतो.

यासाठी तयारी घरीच करावी लागते. ई-बेवर फक्त विक्री झालेल्या वस्तू पाहण्याची सोय आहे. तिथे दिसणारा भाव प्रत्यक्ष मिळालेला असतो, तर नुसत्या मांडून ठेवलेल्या वस्तूंचे भाव कोणी काहीही लिहू शकतो. विक्रीच्या त्या भावातून पोस्टाचा आणि वेष्टनाचा खर्च वजा करून राहील त्याच्या साधारण निम्मे मी मैदानात सांगतो, कारण इथे पार्सल बांधायचे नसते आणि माल परत येण्याचाही प्रश्न नसतो.

चांदीचे तर गणितच मांडता येते. इंग्लंडमधल्या अस्सल स्टर्लिंग चांदीवर बहुतेकदा चालणाऱ्या सिंहाचा छोटा ठसा असतो, शेजारी शुद्धता तपासणाऱ्या कचेरीची खूण असते, म्हणजे बर्मिंगहॅमसाठी जहाजाचा नांगर आणि लंडनसाठी बिबळ्याचे तोंड, आणि बहुतेक वेळा वर्षाचे अक्षरही असते. स्टर्लिंगमध्ये हजारात 925 भाग शुद्ध चांदी असते. त्यामुळे 30 ग्रॅमचा साखरेचा चिमटा असेल तर त्यात 27.75 ग्रॅम शुद्ध चांदी आहे, असे धरून त्या दिवसाचा दर लावावा आणि तो चिमटा किती काळा पडला आहे याच्याकडे पाहू नये. मोडीत घेणारा यापेक्षा थोडे कमीच देतो, पण निदान आपल्याला तळ कुठे आहे ते कळते. सिंहाऐवजी ई.पी.एन.एस. ही अक्षरे दिसली तर ती चांदीचा मुलामा दिलेली वस्तू आहे. सहा चमच्यांचे दोन-तीन पौंड आले तरी समाधान मानावे.

कराबद्दल अनेक जण धास्तावलेले असतात, म्हणून थोडक्यात लिहितो. घरातले आपले वापरलेले सामान विकणे हा धंदा मानला जात नाही. विकण्यासाठीच वस्तू विकत घेऊन फिरत असाल तर तो धंदा झाला. त्यासाठी एप्रिल 2017 पासून दर आर्थिक वर्षाला एक हजार पौंडांच्या उलाढालीपर्यंत सवलत आहे.

रेडिंग

लहान मुलांच्या वस्तू हा माझा विषय. कपड्यांना नगावर वेगवेगळी किंमत लावण्यात सकाळ वाया जाते. मी सरसकट एक पौंड ठेवते, पाच घेतले तर चार पौंड, आणि कपडे वयानुसार वेगळ्या खोक्यांत लावून खोक्यावर वय ठळक लिहिते, कारण आईवडिलांना किमतीपेक्षा माप शोधण्याचा जास्त कंटाळा येतो. थंडीचे कोट आणि पावसाळी बूट यांना मात्र वेगळा भाव द्यावा. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होताना त्यांना चार-पाच पौंड सहज मिळतात आणि तेच मे महिन्यात कोणी दोनालाही घेत नाही.

खेळण्यांच्या बाबतीत सर्व भाग असणे हीच किंमत असते. जिगसॉचे तुकडे घरी मोजून खोक्यावर "सर्व तुकडे आहेत" असे लिहिले की पन्नास पेन्सचे दोन पौंड होतात. लेगो सुटे असेल तर मी एकाच आकाराच्या पारदर्शक पिशव्या भरते आणि त्यातली छोटी खेळण्यातली माणसे बाहेरून दिसतील अशी ठेवते. पूर्ण संच, सूचनापुस्तिकेसह असेल तर तो मी मैदानात आणतच नाही, त्याला ऑनलाइन कितीतरी जास्त भाव मिळतो.

मोटारीतली मुलांची आसने आणि सायकलची हेल्मेट मी कोणत्याही किमतीला विकत नाही. एखाद्या अपघातात त्यांना आतून तडा गेला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही आणि घेणाऱ्याला त्यांचा इतिहास कळण्याचा काही मार्ग नसतो. त्यातून मिळणारे दहा पौंड मला नको आहेत, आणि इथे वाचणाऱ्या सर्वांनी हे पाळावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मँचेस्टर

किमती नेहमी सुट्या पैशांच्या हिशेबाने ठेवाव्यात. पन्नास पेन्स, एक, दोन, पाच, दहा, एवढेच आकडे पुरतात. पावणेपाच पौंड सांगितले की मोड शोधण्यात दोन गिऱ्हाइके निघून जातात. लोक पैसे यंत्रातून काढून येतात म्हणजे त्यांच्याकडे दहाच्या आणि विसाच्या नोटाच असतात. सकाळी कमरेच्या पिशवीत पौंडाची नाणी आणि पाचच्या काही नोटा नसतील तर चांगली किंमत ठरूनही व्यवहार मोडतो.

कार्डिफ

किमतीच्या चिठ्ठ्या लावाव्यात की नाही, याबद्दल माझे मत इथल्या बऱ्याच जणांपेक्षा वेगळे असेल. चिठ्ठी लावली की घासाघीस खालून सुरू होते, म्हणून लावू नये, असे सांगितले जाते आणि व्यापाऱ्यांपुरते ते खरेही आहे. पण माझ्या टेबलासमोर मी अनेकदा पाहिले आहे की वयस्कर इंग्रज किंवा वेल्श माणसे वस्तू उचलतात, उलटून पाहतात, किंमत दिसली नाही की हळूच ठेवून पुढे जातात. विचारून मग नाही म्हणणे त्यांना अवघड वाटते. अशा गिऱ्हाइकासाठी चिठ्ठी म्हणजे थांबण्याचे आमंत्रण असते. म्हणून पाच पौंडांच्या आतल्या वस्तूंना मी चिठ्ठ्या लावतो, स्वस्त वस्तूंसाठी जमिनीवर चादर घालून "यावरचे सर्व एक पौंड" असा पुठ्ठा ठेवतो आणि पाच पौंडांच्या वरच्या वस्तूंना बिनचिठ्ठी ठेवून तोंडी भाव सांगतो. सेलोटेप मात्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लावू नये. ती निघताना कागद घेऊन येते आणि पुस्तकाची उरलीसुरली किंमतही जाते.

हॅरो

आमच्या घरी लहानपणी बोहारीण येत असे. आई जुन्या साड्यांचा गठ्ठा समोर ठेवी, ती पातेले पुढे करी. मग आई डबा मागे, ती आणखी एक साडी मागे, आणि शेवटपर्यंत रुपयाचा आकडा कोणाच्याच तोंडी येत नसे. इथल्या मैदानात मला त्याच पद्धतीचा सर्वांत जास्त उपयोग झाला आहे. चार पौंडांच्या तव्याला कोणी तीन म्हटले तर मी तीन म्हणत नाही. चार ठेवून शेजारची लाकडी पळी त्यावर ठेवते. पळी अशीही पन्नास पेन्सला गेली असती. गिऱ्हाईक समाधानाने जाते, माझा आकडा तसाच राहतो आणि आणखी एक वस्तू कमी होते.

साड्यांबद्दल वेगळे लिहिते, कारण हा प्रश्न आपल्या बायकांना हमखास पडतो. इथे त्या घेणारे बहुतेक जण नेसण्यासाठी घेत नाहीत. उशांचे अभ्रे, पडदे, नाटकांचे पोशाख शिवणारे लोक त्यांत साडेपाच मीटर रेशमी कापड पाहतात आणि त्या हिशेबाने आठ-दहा पौंड देतात. साध्या सिल्कला ही किंमत योग्य आहे. पैठणी मात्र या मैदानात आणूच नये. तिची किंमत ओळखणारे डोळे तिथे सहसा नसतात आणि काठ कापून उशीला लावण्यासाठी ती द्यायला मन घेत नसेल, तर ती विकायची वस्तू नाही, असे खुशाल ठरवावे. एखाद्या ओळखीच्या मुलीला द्यावी, ती नेसेल.

अकरानंतर गर्दी ओसरते, तेव्हा मी उरलेल्या मालाचा भाव निम्मा करते, पण सगळ्याचा नाही. जे धर्मादाय संस्थेच्या दुकानात जायचे आहे ते पन्नास पेन्सला झोकून देण्यापेक्षा तिथेच द्यावे. तुम्ही आयकर भरत असाल तर गिफ्ट एड योजनेखाली तुमच्या वस्तूच्या विक्रीतून आलेल्या प्रत्येक पौंडामागे त्या संस्थेला सरकारकडून आणखी पंचवीस पेन्स मिळतात.

ब्रिस्टल

मी विकणारा कमी आणि घेणारा जास्त आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो. विजेच्या आणि बॅटरीच्या वस्तूंची किंमत ती वस्तू चालते की नाही, यावर जवळजवळ पूर्णपणे अवलंबून असते आणि मैदानात वीज नसते. "चालतो, घरी लावून पाहिला होता" हे वाक्य प्रत्येक टेबलावर ऐकू येते, त्यामुळे त्यावर कोणी पैसे मोजत नाही; मीही मनातल्या मनात निम्मी रक्कम वजा करतो. एका सकाळी दोन टेबलांवर जवळपास सारखेच ट्रान्झिस्टर रेडिओ होते. पहिल्यावर तीन पौंडांची चिठ्ठी होती आणि बॅटरीचा कप्पा रिकामा होता. दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी चार सेल घालून रेडिओ बारीक आवाजात चालूच ठेवला होता. त्यांनी आठ सांगितले आणि मी आठ दिले. कप्प्यातल्या स्प्रिंगांवर गंज नव्हता, तेही त्यांनी झाकण उघडून आपण होऊन दाखवले. भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या वस्तूंसाठी घरी त्या चालू असतानाचा छोटा व्हिडिओ फोनवर काढून ठेवावा, वायर कुठे सोललेली नाही ते पाहावे, आणि सोललेली असेल तर ती वस्तू टेबलावर न मांडता वीजसामानाच्या पुनर्वापर केंद्राकडे द्यावी.