थ्री फेजमधून सिंगल फेज ‘काढतात’ की त्याचं ‘रूपांतर’ करतात?

प्रश्न : दापोलीजवळ आमची भाताची गिरण आहे, कनेक्शन थ्री फेज. गिरणीत दिवा-पंखा हवा होता. वायरमन म्हणाला, “त्यातूनच सिंगल फेज काढून देतो.” मी वहीत ‘रूपांतर’ लिहिलं. लेक म्हणते, चूक.

प्रतिसाद : लेकीचं बरोबर आहे. दुधाचं दही झालं तर ते रूपांतर. इथे खांबावरून चार तारा येतात, वीज आणणारे तीन फेज आणि परतीचा एक न्यूट्रल. दोन फेजमध्ये 400 ते 415 व्होल्ट, पण कुठलाही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 ते 240. म्हणजे घरगुती व्होल्टेज आतच आहे, विहिरीतून पाणी काढावं तसं ते काढायचं. गिरणीला न्यूट्रल आलेलाच नसेल आणि 415 चे 240 करायला ट्रान्सफॉर्मर बसवला, तर मात्र खुशाल ‘रूपांतर’ म्हणा.

दोन फेजमध्ये 240 ची दुप्पट, 480 का नाही? याचं उत्तर फेजच्या मराठी प्रतिशब्दात आहे : कला. चंद्राची कला, तीच ही. एकाच किनाऱ्यावरच्या तीन बंदरांत भरती एकामागून एक यावी, तसा प्रत्येक फेजचा चढ आधीच्यापेक्षा एक तृतीयांश आवर्तन उशिरा येतो. एकाची भरती ऐन भरात असते तेव्हा दुसऱ्याची पुरती ओहोटी झालेली नसते. म्हणून दुपटीऐवजी 1.73 पट. मला हा शब्द फार आवडतो, बोलण्यात येत नाही याचं वाईट वाटतं.

न्यूट्रलसाठी शाळेच्या पुस्तकातला ‘तटस्थ तार’ हा शब्द मात्र मला खटकतो. तटस्थ म्हटलं की काही न करणारा वाटतो. खाऱ्या वाऱ्याने सांधे गंजतात, आणि एका पावसाळ्यात आमच्या आळीचा न्यूट्रल खांबावरच सुटला. माझ्या पडवीतला बल्ब डोळे दिपतील इतका लख्ख झाला, समोरच्या घरातला निखाऱ्यासारखा तांबडा. मेन स्विच पाडेपर्यंत फ्रिज जळला होता. न्यूट्रल सुटला की तिन्ही फेजवरची घरं एकमेकांतून जोडली जातात. ज्या फेजवर भार कमी, तिथे व्होल्टेज चढतं. आणि कृपा करून न्यूट्रलच्या जागी अर्थिंगची तार लावू देऊ नका. तिच्यात बिघाड झाला तर यंत्राच्या पत्र्यात करंट उतरतो आणि माणूस जातो.

प्रश्न : मग वहीत काय लिहू?

प्रतिसाद : ‘एक फेज व न्यूट्रल घेऊन दिवा-पंखा जोडला.’

दुसऱ्या वाचकाचा प्रश्न : फेज ‘गेला’ की ‘गेली’? आमच्या गुहागरकडे दोन्ही ऐकतो.

प्रतिसाद : आमच्याकडे फेज गेला, लाईट गेली. हा फरक कामाचा आहे. लाईट गेली म्हणजे सगळीकडे काळोख. एक फेज गेला तर शेजारी उजेड असतो, तुमची मोटर मात्र नुसती घुमते. तेव्हा आधी ती बंद करा, वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळायला वेळ लागत नाही.