ईझी-आउट लावण्याआधी जरा थांबा

तुटलेल्या बोल्टला भोक पाडून ईझी-आउट (आतला तुकडा उलटा फिरवून काढायचं, उलट्या आट्यांचं निमुळतं हत्यार) ठोका, हा सल्ला मला अर्धाच पटतो. जास्त आवळल्यामुळे मुंडी तुटली असेल तर ठीक, आतला तुकडा तसा मोकळाच असतो. पण जो बोल्ट गंजून इतका जाम झालाय की अख्ख्या पान्यालाही बधला नाही, तो त्याच्याच पोटातल्या बारक्या ईझी-आउटला काय दाद देणार? ते आतच मोडतं. आणि ते इतकं कडक पोलादाचं की साधं ड्रिल त्यावर नुसतं किंचाळतं. मी हा पराक्रम केलेला आहे.

आमची गाडी रत्नागिरीची, त्यात खारी हवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळाचा) ८ मिमीचा स्टड, म्हणजे बिनमुंडीचा बोल्ट, इंजिनाच्या हेडच्या अगदी लगत तुटला. गल्लीतल्या वेल्डरने तुकड्यावर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून थेट स्टडवर वेल्ड मारला. (त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावली, हे विसरू नका.) हेड अॅल्युमिनियमचं, त्यामुळे त्याला लोखंडाचा वेल्ड धरत नाही. स्टड तापून फुगतो, निवताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते. पहिले दोन नट उखडून हातात आले. तिसऱ्याला लाली जाईपर्यंत थांबलो, पान्याने पाव आटा पुढे, पाव मागे, असं करत राहिलो. 'कर्र' असा आवाज आला आणि स्टड निघाला. नंतर हेडमधल्या आट्यांतून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून ते साफ करून घेतले.